‘मॅटर कोर्टात आहे’ म्हणून गप्प बसायचं का?

प्रश्न: मॅडम, आमची कोथरूडला सोसायटी आहे, बिल्डरनं पार्किंग परस्पर विकलं म्हणून शिवाजीनगर कोर्टात दावा टाकलाय. मी रिटायर्ड माणूस, दर तारखेला जातो आणि आल्यावर ग्रुपवर टाकतो, ‘निशाणी ५ वर (म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) आर्ग्युमेंट अर्धं झालं, पुढची तारीख अमुक.’ आता त्यांच्या वकिलाची नोटीस आलीये की मॅटर सबज्युडिस (कोर्टात प्रलंबित) आहे, एक शब्द लिहिलात तर कंटेम्प्ट, म्हणजे कोर्टाचा अवमान. चेअरमननी घाबरून ग्रुपच बंद केलाय. बोलायचंच नाही का?
– एक सभासद

उत्तर: काका, नोटीस म्हणजे ऑर्डर नव्हे. वकिलाच्या लेटरहेडवर काहीही छापता येतं हो, मनाई करायची तर कोर्टानंच करायला लागते, आणि तसा हुकूम झालाय का ते ई-कोर्ट्स ॲपवर केस उघडून बघा. नसेल तर तुमचा मेसेज चालू ठेवा, कारण उघड्या कोर्टात जे झालं ते जसंच्या तसं, तिखटमीठ न लावता सांगणं १९७१ च्या कंटेम्प्ट कायद्यात गुन्हा धरत नाहीत. मात्र ‘जज मॅनेज झालाय’, ‘बिल्डर चोर आहे’ असलं काही टाकलंत तर मग मी पण वाचवू शकणार नाही.

कोर्टाला तोंड बंद करता येत नाही असं मात्र समजू नका. १९६६ च्या मिरजकर केसमध्ये मुंबई हायकोर्टानं एका साक्षीदाराची साक्ष पेपरात छापू नका म्हटलं होतं, पत्रकार सुप्रीम कोर्टात गेले आणि ९ जजांपुढे हरले, न्या. हिदायतुल्लांनी तेवढं वेगळं मत दिलं (मला अजून तेच पटतं). पुढे २०१२ मध्ये सहारा केसमध्ये सुप्रीम कोर्टानंच हात आखडला, की खटल्याला खराखुरा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल तरच छापणं लांबवायचं, ते पण थोड्या मुदतीपुरतं.

उद्या त्यांनी तुम्हाला न ऐकताच मनाई आणली तर आधी पाळा, मोडलीत तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, आणि लगेच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ रूल ४ खाली ती उठवायचा अर्ज टाका. मार्च २०२४ च्या ब्लूमबर्ग (वृत्तसंस्था) विरुद्ध झी (टीव्ही कंपनी) निकालाची कॉपी सोबत जोडा, बातमीवर अशी एकतर्फी बंदी सरसकट देऊ नका असं सुप्रीम कोर्टानं त्यात सांगितलंय.

चेअरमनना म्हणावं ग्रुप उघडा, आणि नोटिशीला दोन ओळींचं उत्तर तुमच्या वकिलांकडूनच जाऊ दे.