फायरफॉक्समध्ये सेव्ह केलेल्या पासवर्डना मास्टर पासवर्ड कसा लावायचा, आणि तो विसरलो तर काय?

तुमची अडचण अशी आहे: घरात एकच संगणक, तो तिघे वापरतात, फायरफॉक्समध्ये बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळे पासवर्ड सेव्ह आहेत, मास्टर पासवर्डचा पर्याय सेटिंगमध्ये दिसत नाही, आणि लावला तरी पुढे विसरण्याची भीती वाटते.

पर्याय आहे, फक्त नाव बदलले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ८० व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स त्याला ‘प्रायमरी पासवर्ड’ म्हणतो. म्हणून जुन्या नावाने शोधल्यावर हाती काही लागत नाही. (खाली फाइलींची नावे आणि पत्ते मी मराठी अक्षरांत लिहितो आहे; टाइप करताना ते इंग्रजीतच टाका.)

वर उजवीकडच्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करून सेटिंग्ज उघडा, डावीकडे ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ निवडा आणि ‘पासवर्ड्स’ या भागापर्यंत खाली या. तिथे ‘यूज अ प्रायमरी पासवर्ड’ असा चौकोन आहे. आवृत्तीनुसार या पानाची मांडणी थोडीफार बदलते. सापडले नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपेटीत ‘प्रायमरी’ हा शब्द टाका. चौकोनावर टिक केली की विंडोज आधी तुमचा विंडोजचा पासवर्ड मागेल. इथे बरेच जण अडतात, कारण रोज संगणक उघडताना चार आकडी पिन टाकायची सवय असते. पिन चालला नाही, तर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज चालते त्याचा पूर्ण पासवर्ड टाकून बघा. त्यानंतर नवा प्रायमरी पासवर्ड दोनदा टाकायचा आणि ओके म्हणायचे. बदलायचा असेल तर त्याच जागी ‘चेंज प्रायमरी पासवर्ड’ आहे. काढायचा असेल तर टिक काढा आणि चालू पासवर्ड टाका.

एक खबरदारी घ्या. पासवर्ड टाकताना कीबोर्ड मराठीवर नाही ना, हे आधी बघा. पेटीत फक्त ठिपके दिसतात. मराठी लेआउट चालू असताना टाकलेला पासवर्ड दुसऱ्या दिवशी इंग्रजी लेआउटवर चुकीचा ठरतो आणि माणसाला वाटते की आपण विसरलो. ‘विसरलो’ म्हणणाऱ्यांनी सगळ्यात आधी हेच तपासावे. विंडोजमध्ये विंडोज-की आणि स्पेसबार एकत्र दाबून लेआउट बदलतो. सोबत कॅप्सलॉक आणि नमलॉकही बघून घ्या. कितीही वेळा चुकले तरी फायरफॉक्स कायमचे कुलूप लावत नाही, त्यामुळे शांतपणे प्रयत्न करायला हरकत नाही.

आता आत काय घडते ते समजून घ्या. विसरण्याची भीती खरी किती, हे त्यावरच ठरते. तुमच्या फायरफॉक्स प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये (फायरफॉक्स तुमची सगळी माहिती ठेवतो तो फोल्डर) दोन फाइली असतात: ‘लॉगिन्स.जेसन’ आणि ‘की४.डीबी’. पहिलीत प्रत्येक साइटचा पत्ता साध्या अक्षरांत आणि युजरनेम-पासवर्ड कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीविना वाचता येणार नाहीत असे, ठेवलेले असतात. ते उलगडणारी किल्ली दुसऱ्या फाइलीत असते. प्रायमरी पासवर्ड कुलूप लावतो ते या किल्लीला. तुम्ही तो लावता, बदलता किंवा काढता तेव्हा लॉगिन्स.जेसनमधली एकही नोंद नव्याने कूटबद्ध होत नाही, की४.डीबीमधली तीच किल्ली फक्त नव्या पासवर्डखाली ठेवली जाते. यातून बरेच काही निघते.

पहिले म्हणजे, प्रायमरी पासवर्ड नसेल तर या दोन फाइली पेनड्राइव्हवर उचलून दुसऱ्या कुठल्याही संगणकावरच्या फायरफॉक्स प्रोफाइलमध्ये टाकल्या की सगळे पासवर्ड उघड होतात. तुमच्या विंडोजचा पासवर्ड तिथे कोणी विचारत नाही. हल्ली पासवर्डच्या यादीत डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केल्यावर विंडोजचा पासवर्ड मागितला जातो खरा, पण ती फक्त पडद्यावरची विचारणा आहे, फाइलींना तिने काहीच संरक्षण मिळत नाही. लॅपटॉप दुरुस्तीला टाकताना किंवा जुनी हार्डडिस्क विकताना हा धोका प्रत्यक्षात येतो, आणि प्रायमरी पासवर्डचा खरा उपयोग तिथेच होतो.

दुसरे म्हणजे, साइटचे पत्ते कूटबद्ध नसल्यामुळे फाइल हाती लागलेल्याला तुमचे खाते कुठल्या बँकेत आहे हे पासवर्ड न फोडताही कळते. यावर प्रायमरी पासवर्डमध्ये उपाय नाही. त्यासाठी सगळी डिस्कच विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कूटबद्ध करावी लागते.

तिसरे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रायमरी पासवर्ड लावण्याआधी घेतलेला प्रोफाइलचा बॅकअप कुठे पडून असेल, तर त्यातली जुनी की४.डीबी आजच्या लॉगिन्स.जेसनलाही उघडू शकते, कारण किल्ली तीच आहे. म्हणून प्रायमरी पासवर्ड लावल्यावर जुने बॅकअप हुडकून काढा. ते एक तर पुसा, नाही तर कुलपात ठेवा. हीच गोष्ट विसराळूपणात तारणारीही आहे. त्याकडे पुढे येतो.

पासवर्ड केवढा असावा? फाइल चोरणारा माणूस तुमच्या फायरफॉक्ससमोर बसून अंदाज करत नाही. तो फाइल आपल्या यंत्रावर नेऊन अंदाज करणारा प्रोग्रॅम चालवतो. फायरफॉक्स तुमच्या पासवर्डवर एका गणिती प्रक्रियेच्या १०,००० फेऱ्या करून (फेऱ्या जितक्या जास्त तितका प्रत्येक अंदाजाला वेळ जास्त) किल्लीचे कुलूप तयार करतो. पूर्वी एकच फेरी होत असे, त्या मानाने हे बरे आहे; पण याच कामासाठी ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस ६,००,००० फेऱ्यांची आहे. हा कमीपणा लांबीनेच भरून काढावा लागतो. आठ अक्षरे आणि शेवटी ‘@१२३’ यावर मी मुळीच विसंबणार नाही. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले पाच शब्द, मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले तरी चालतील, मध्ये स्पेस किंवा डॅश. शब्द स्वतः ‘सुचवून’ घेऊ नका. शब्दकोशाची पाने डोळे मिटून उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या. म्हणी, अभंगाच्या ओळी, गाण्याचे मुखडे टाळा. ते अंदाज करणाऱ्यांच्या यादीत असतात.

लावल्यानंतर रोजचा अनुभव असा: फायरफॉक्स उघडल्यावर पहिल्यांदा पासवर्ड भरायची वेळ आली की तो विचारतो आणि मग बंद करेपर्यंत पुन्हा विचारत नाही. सिंक (मोझिला, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेच्या, खात्यामार्फत पासवर्ड वगैरे तुमच्या सगळ्या उपकरणांवर नेणारी सोय) चालू असेल तर कुठलीही साइट उघडण्याआधीच पेटी येते, कारण सिंकच्या खात्याची माहितीही त्याच कुलपाखाली असते. ‘कॅन्सल’ केले तर काही बिघडत नाही. तोपर्यंत सिंक थांबते, एवढेच.

पण घरात तिघे असताना ‘बंद करेपर्यंत’ यातच मेख आहे. तुम्ही सकाळी पासवर्ड टाकला, फायरफॉक्स उघडा ठेवून उठलात, तर नंतर बसणाऱ्यासाठी बँकेच्या साइटवर तुमचा पासवर्ड आपोआप भरलेला असेल. सेव्ह पासवर्डच्या यादीत तो उघड करून पाहायला फायरफॉक्स पुन्हा विचारेल. पण साइटच्या स्वतःच्या पेटीशेजारी डोळ्याचे चिन्ह असते, तिथे फायरफॉक्सचे काही चालत नाही. यावर दोन गोष्टी करा. सेटिंगच्या त्याच भागात पासवर्ड आपोआप भरण्याची टिक काढा. मग पेटीवर क्लिक करून नाव निवडल्यावरच तो भरला जाईल. एरवीही हे चांगलेच, कारण एखाद्या साइटच्या पानात कोणी घातक कोड घुसवला असेल तर तुम्ही काहीही न करता आपोआप भरलेला पासवर्ड तो उचलू शकतो. आणि फायरफॉक्स बंद न करता कुलूप लावायचे असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’ हे बटण शोधा, उघडणाऱ्या खिडकीत डावीकडे ‘सॉफ्टवेअर सिक्युरिटी डिव्हाइस’ निवडा आणि उजवीकडचे ‘लॉग आउट’ दाबा. पुढच्या वेळी पासवर्ड पुन्हा विचारला जाईल. (याच खिडकीत डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन जोडलेले दिसत असेल तर त्याला हात लावू नका, त्याचा पिन वेगळा असतो.)

तरीही तुमच्या घरासाठी माझे स्पष्ट मत: प्रत्येकाचे वेगळे विंडोज खाते करा. प्रायमरी पासवर्ड फक्त पासवर्ड झाकतो. आधीच लॉगिन केलेले मेल, हिस्टरी, बुकमार्क यांना त्याचे काही संरक्षण नाही. एकाच विंडोज खात्यात प्रत्येकाचे वेगळे फायरफॉक्स प्रोफाइल केले तर सोय होते, भिंत उभी राहत नाही. कोणीही कोणाचेही प्रोफाइल उघडू शकतो. आणि संगणकात पासवर्ड चोरणारा व्हायरस शिरलाच असेल, तर तुम्ही प्रायमरी पासवर्ड टाकल्याक्षणी तोही आत येतो.

आता विसरलात तर. इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो तो रीसेटचा: अॅड्रेस बारमध्ये ‘क्रोम://पिपकी/कंटेंट/रीसेटपासवर्ड.एक्सएचटीएमएल’ टाकून (पिपकीचे स्पेलिंग पी-आय-पी-पी-के-आय) रीसेट दाबा. हा मार्ग अधिकृत आहे, पण त्यात सेव्ह केलेले सगळे पासवर्ड जातात, आणि फायरफॉक्समध्ये आयात केलेली स्वतःची सर्टिफिकेटेही. तो अगदी शेवटी ठेवा. फायरफॉक्स ‘रिफ्रेश’ करूनही सुटका नाही. रिफ्रेशमध्ये पासवर्ड टिकतात आणि त्यांच्याबरोबर कुलूपही टिकते.

त्याआधी हे करा. सिंक चालू होते का ते आठवा. असेल तर फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर फायरफॉक्समध्ये पासवर्ड दिसतात का पाहा. प्रायमरी पासवर्ड सिंक होत नाही, प्रत्येक संगणकाचा वेगळा असतो. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये तो नसतोच, तिथे फोनचे स्क्रीन लॉक चालते. पासवर्ड दिसत असतील तर अर्धी लढाई जिंकलात. इथे रीसेट करू नका. ‘अबाउट:प्रोफाइल्स’ या पत्त्यावर जाऊन नवे प्रोफाइल तयार करा, त्यात मोझिला खात्याने साइन इन करा आणि पासवर्ड खाली उतरू द्या. जुने प्रोफाइल तसेच राहते, सहा महिन्यांनी पासवर्ड आठवला तर ते उघडताही येते. फक्त या गडबडीत मोझिला खात्याचा पासवर्ड ‘विसरलो’ म्हणून बदलू नका: सिंकमधला मजकूर त्याच पासवर्डने कूटबद्ध असतो, आणि रिकव्हरी की (अशा वेळी मजकूर वाचवण्यासाठी मोझिला खात्यात आधीच तयार करून ठेवायची किल्ली) नसताना तो बदलला तर सर्व्हरवरचा मजकूर पुसला जातो. रिकव्हरी की आजच तयार करून कागदावर लिहून ठेवा.

सिंक नसेल तर जुनी की४.डीबी शोधा. पूर्वी कधी रिफ्रेश केले असेल तर डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाचा फोल्डर असतो; नाही तर जुना पेनड्राइव्ह, विंडोजची फाइल हिस्टरी. फायरफॉक्स पूर्ण बंद करा, आजच्या प्रोफाइल फोल्डरची नक्कल दुसरीकडे ठेवा (फोल्डरचा ठिकाणा ‘अबाउट:सपोर्ट’मध्ये मिळतो), आणि की४.डीबीच्या जागी जुनी फाइल ठेवा. ती फाइल याच प्रोफाइलची आणि प्रायमरी पासवर्ड लावण्याआधीची असेल तर पासवर्ड उघडण्याची शक्यता असते. मध्ये कधी रीसेट झाले असेल तर उघडणार नाहीत, कारण रीसेटनंतर किल्लीच नवी बनते. दोन्ही नसेल तर रीसेट करा आणि एकेका साइटवर ‘फरगॉट पासवर्ड’ करत जा, सुरुवात ईमेलपासून.

पुढच्यासाठी बॅकअप घेताना दोन्ही फाइली एकत्र, फायरफॉक्स बंद असताना घ्या. नुसती लॉगिन्स.जेसन नेली तर किल्लीविना तिचा उपयोग नाही. सेव्ह केलेली कार्डे मात्र अशी दुसऱ्या संगणकावर जात नाहीत, त्यांची किल्ली विंडोजकडे असते.

दुसरा मार्ग सीएसव्ही फाइलचा, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्याचा. ‘अबाउट:लॉगिन्स’ उघडा, तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘एक्सपोर्ट पासवर्ड्स’ आहे. या फाइलीत सगळे पासवर्ड उघडे असतात, नोटपॅडमध्येही वाचता येतात. ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका: शून्याने सुरू होणाऱ्या आकडी पासवर्डमधले शून्य एक्सेल खाऊन टाकतो आणि ‘=’ ने सुरू होणाऱ्याला सूत्र समजतो. जिथे आयात करायची तिथे केली, पाच-सहा नोंदी जुळवून पाहिल्या, की फाइल शिफ्ट-डिलीटने लगेच काढा. ती डाउनलोड्स किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवली असेल, तर वनड्राइव्हच्या ऑनलाइन रीसायकल बिनमधूनही पुसा.