ड्रायव्हर गांजा ओढतो, पण गाडी चांगली चालवतो. ठेवू का काढू?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचा दहाचाकी ट्रक पारोळ्याचा, ड्रायव्हर सहा वर्षांचा जुना, एकही अपघात नाही. परवा सीटमागे चिलीम आणि पुडी सापडली. तो म्हणतो, गाडी उभी केल्यावरच ओढतो, झोप लागावी म्हणून. त्याला ठेवावं का काढावं, आणि ओढल्यावर किती तासांनी गाडी चालवली तर चालते, हे तुम्हाला हवंय.

मी एकवीस वर्षं स्टिअरिंगवर काढली, आता धुळ्यात माझ्या दोन गाड्या आहेत. आणि आधीच सांगून टाकतो, मीही ओढायचो.

एकदा इंदूरहून ढेप भरून येत होतो. सेंधव्याच्या आधी ढाब्यावर जेवण झालं, दोन दम मारले आणि बिजासन घाट उतरायला घेतला. मला वाटत होतं गाडी अगदी सावकाश चाललीय. घाट संपेचना. समोरच्या गाडीचा लाल दिवा दिसत होता आणि मी त्याच्याकडेच बघत होतो, आरसा नाही, एअर-ब्रेकचा काटा नाही. क्लीनर ओरडला तेव्हा कळलं, गाडी वरच्या गियरमध्ये सुटलीय आणि केबिनमध्ये ब्रेकचे लायनर जळल्याचा वास भरलाय. घाट ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा, हे उस्तादानं मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ते काही विसरलो नव्हतो. 'खालचा गियर आता टाकतो, आता टाकतो' असं मनात चाललं होतं, आणि ते 'आता' येतच नव्हतं. पळासनेरला गाडी लावली आणि ब्रेकचे ड्रम गार होईपर्यंत चाकापाशी बसून राहिलो.

त्या रात्री अपघात झाला नाही. माझ्या शेठच्या वहीत मीसुद्धा 'एकही अपघात नाही'वालाच होतो.

दारू प्यायलेला स्वतःला राजा समजून दामटतो. गांजावाल्याचं उलट असतं. त्याला माहीत असतं आपण नशेत आहोत, म्हणून तो हळू चालवतो, पुढच्या गाडीपासून लांब राहतो. ढाब्यावर जो तो म्हणतो, "माले काई व्हत नही," ते यामुळेच. मोकळ्या रस्त्यावर निभावूनही जातं. बिघडतं ते दुसरंच: गाडी लेनमध्ये सरळ धरणं, वेळेचा नि अंतराचा अंदाज, आणि एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवणं. कापसाच्या दिवसांत फागण्यापासून पारोळ्याकडे रात्री जाऊन बघा. बिनदिव्याची ट्रॉली, तिच्या दोन्ही अंगांनी फुगलेला कापूस, त्यातच उलट्या बाजूनं येणारी मोटारसायकल. तिथं हळू चालवणं पुरत नाही, पाय वेळेवर ब्रेकवर जावा लागतो.

आता तासांचं. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि दोन-चार तासांत उतरल्यासारखा वाटतो. पण चालवण्यावरचा परिणाम सहा तासांपर्यंत राहू शकतो, मात्रा जास्त असेल तर आणखी. भांग त्याहून फसवी. चढायलाच तास-दोन तास घेते, माणूस 'काही झालंच नाही' म्हणून गाडी काढतो आणि पुढच्या घाटात ती चढते. वर दारू असेल तर दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा फार जास्त बिघडवतात. म्हणून मी तास मोजायच्या भानगडीत पडत नाही. ओढलं असेल तर त्या दिवशी किल्ली नाही.

काही जण म्हणतात, अमेरिकेत तर गांजा मोकळा झालाय. काही राज्यांत झालाय, पण ट्रकवाल्याला नाही. तिथं व्यावसायिक ड्रायव्हरची केंद्राच्या नियमानं अचानक लघवीची तपासणी होते, आणि २०२० पासून नापास झालेल्याची नोंद कामावर घेणाऱ्या मालकाला बघता येईल अशा सरकारी यादीत जाते. आपल्याकडे नाक्यावर फुंकायला लावतात ते यंत्र फक्त दारू ओळखतं. औषधाच्या दुकानातली लघवीची पट्टी आणून तुम्ही तपासू शकता, पण रोज ओढणाऱ्याची पट्टी सोडल्यानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवते. तो आज नशेत आहे का, हे ती सांगत नाही.

कायद्याचं मात्र नीट वाचा, कारण ते तुमच्यावर येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही हद्द आहे. अमली पदार्थाला आकडा नाही, गाडीवर ताबा राहणार नाही इतका अंमल असला की पुरे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा नुसता ओढणं हाही गुन्हा आहे. त्याच कायद्यानं माल सापडलेली गाडी जप्त होऊ शकते. मालकाला सुटायचं तर आपल्याला माहीत नव्हतं आणि आपण खबरदारी घेतली होती, हे दाखवावं लागतं. परवापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. आता आहे. विम्याचंही तेच, ड्रायव्हर नशेत होता असं निघालं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते.

आता तो 'झोप लागावी म्हणून' म्हणतो त्यावर. मला तो खोटं बोलतो असं वाटत नाही. सावद्याहून केळी भरली की दिल्ली हजाराच्या वर किलोमीटर. माल नाशवंत, व्यापारी दर तासाला फोन करतो, म्हणून रात्र-रात्र गाडी. मग दिवसा मे महिन्यात भुसावळच्या पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या केबिनमध्ये झोपायचं. कोण झोपेल? गांजानं सुरुवातीला झोप लवकर लागते. पुढे तेवढ्यानं भागत नाही, दम वाढतात, आणि न ओढता झोपच येईनाशी होते. नव्या ट्रकना २०२५ पासून एसी केबिन सक्तीची झालीय, पण तुमची-माझी गाडी जुनीच. तेव्हा चिलीम फेकून तुमचं काम संपत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार कामगार कायदा दिवसाला आठ तास सांगायचा; तुमच्या वहीत तो किती तास चालवतो ते एकदा लिहून काढा. मी काढलं होतं. लाज वाटली.

मी असतो तर काढलं नसतं. काढलात तर तो उद्या दुसऱ्याची गाडी घेऊन त्याच बिजासनला असेल. घरी बोलवा, चहा पाजा, पोराटोरांसमोर बोलू नका. १४४४६ ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. तुमच्यासमोर फोन लावायला सांगा. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ मध्ये खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, हेही सांगा. पोलिसांच्या भीतीनं कितीतरी जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

आणि एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. माझ्या ड्रायव्हरनं सोडलं त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी त्याला सुरतेला पाठवलं. सोडल्यावर पहिला आठवडा सगळ्यात वाईट असतो: झोप नाही, भूक नाही, डोकं सतत तापलेलं. कोंडाईबारी घाटाच्या आधी त्याला डुलकी आली आणि गाडी साइडपट्टीवरून खाली गेली. नशिबानं पुढे शेत होतं. दोन आठवडे तरी त्याला धुळे-जळगाव दिवसाच्या फेऱ्या द्या, भत्ता कापू नका. लांबच्या ट्रिपला दुसरा ड्रायव्हर भाड्यानं घ्या. चार पैसे जातील.

पुडी त्याला दाखवायला म्हणून घरी आणून ठेवली असेल तर आज ठेवू नका. तुमच्या कपाटात सापडली तर ती तुमची.