मास्कच्या छिद्रांतून क्षयाचे जंतू आत शिरतात का?

प्रश्न : माझ्या वडिलांना फुफ्फुसांचा क्षय झाला असून त्यांची शुश्रूषा मी घरीच करते. जंतू मास्कच्या छिद्रांहून बारीक असल्यामुळे मास्क लावण्यात अर्थ नाही, असे शेजारी म्हणतात. हे खरे आहे का? एन-95 मास्क धुऊन वापरता येतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : छिद्रांवरून मास्कची पारख करू नये, कारण तो पिठाच्या चाळणीसारखे काम करत नाही. एन-95 मास्कच्या गाळणाऱ्या थरात पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. हवा त्यांतून वळणे घेत जाते तेव्हा मोठे कण तंतूंवर आदळतात, अगदी बारीक कण भरकटत जाऊन त्यांना चिकटतात, आणि तंतूंवरचा स्थिर विद्युतभार दोन्ही प्रकारच्या कणांना ओढून घेतो. अडवायला सर्वांत कठीण असतात ते मधल्या आकाराचे, सुमारे 0.3 मायक्रॉनचे कण (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एन-95 ची चाचणी अशाच कणांवर होते आणि त्यांतले किमान 95 टक्के अडवणे बंधनकारक असते. खोकल्यातून हवेत तरंगत राहणारे क्षयाचे जंतुयुक्त कण बहुधा 1 ते 5 मायक्रॉनचे, म्हणजे याहून मोठेच असतात.

खरा धोका कडांचा आहे. नाकाशी किंवा गालाशी फट राहिली, की हवा गाळणीला वगळून तिथूनच आत येते. म्हणून नाकावरची पट्टी नीट दाबावी, दोन्ही पट्टे डोक्यामागे घ्यावेत आणि जोराने श्वास सोडून कडेने हवा निसटत नाही ना, हे दर वेळी पाहावे.

मास्क धुऊ नये, त्यावर सॅनिटायझरही फवारू नये. त्याने विद्युतभार नाहीसा होतो व गाळण्याची क्षमता घटते. मास्क ओला, मळका किंवा वेडावाकडा झालेला नसेल, तर कागदी पिशवीत कोरडा ठेवून तुम्हीच तो पुन्हा काही वेळा वापरू शकता.

वडिलांना मात्र साधा सर्जिकल मास्क द्यावा. दक्षिण आफ्रिकेत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांच्या वॉर्डातील हवा गिनीपिगांना देऊन केलेला, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत फार मोलाचा आहे : रुग्णांनी असे मास्क लावले त्या दिवसांची हवा मिळालेल्या 90 पैकी 36 प्राण्यांना, तर मास्क नसलेल्या दिवसांची हवा मिळालेल्या 90 पैकी 69 प्राण्यांना संसर्ग झाला. व्हॉल्व्हचा, म्हणजे श्वास बाहेर सोडण्यासाठी झडप असलेला, मास्क वडिलांना देऊ नये, कारण त्यातून उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात; ताट-वाटी वेगळी करून त्यांना दुखावण्याची मात्र काहीच गरज नाही, कारण क्षय भांड्यांतून पसरत नाही.