शंका-समाधान : अवकाशातला लेसर कुठे दगा देतो?

प्रश्न : उपग्रहावरच्या घनावस्था लेसरमध्ये (म्हणजे वायूऐवजी घन स्फटिकातून झोत देणाऱ्या लेसरमध्ये) झिजण्यासारखं काहीच नसतं, असं वाचलं. मग नासाच्या ‘आइससॅट’ या बर्फाची उंची मोजणाऱ्या उपग्रहावरचा पहिला लेसर 2003 मध्ये सव्वा महिन्यातच बंद का पडला?

उत्तर : लेसरचा झोत ज्यात तयार होतो तो निओडिमियम-यागचा स्फटिक सहसा दगा देत नाही. दगा देतात त्याला 808 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पुरवणारे डायोड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे अर्धवाहक लेसर. आइससॅटच्या डायोडमध्ये इंडियम या मऊ धातूचं सोल्डर (डाख) जास्त झालं आणि ते सोन्याच्या बारीक तारांपर्यंत पोचलं. सोनं आणि इंडियम यांचं ठिसूळ संयुग साध्या तापमानालाही तयार होत राहतं, म्हणजे लेसर कपाटात ठेवला तरी तार पोखरली जातच होती. त्यात सेकंदाला प्रकाशाचे 40 स्पंद (झटके). दर स्पंदाला तार तापते, निवते. वर्षभर सलग चालवला तर हे सुमारे 126 कोटी वेळा. म्हणूनच उरलेले दोन लेसर महिन्याभराच्या टप्प्यांनी चालवून 2009 पर्यंत पुरवले.

डायोड तापमानाला फार हळवे असतात. दर अंशाला तरंगलांबी सुमारे 0.3 नॅनोमीटर सरकते आणि स्फटिक प्रकाश कमी शोषू लागतो. तेव्हा लगेच विद्युतप्रवाह वाढवू नये, आधी तापमान जुळवून पाहावं. प्रवाह वाढवणं म्हणजे उरलेलं आयुष्य खर्च करणं.

प्रश्न : लेसर हवा भरलेल्या सीलबंद पेटीतच का पाठवत नाहीत?

उत्तर : पाठवतात. ढग आणि हवेतले कण तपासणाऱ्या ‘कॅलिप्सो’ उपग्रहावर तसंच होतं, पण पहिल्या लेसरची पेटी हळूहळू गळत होती. हवेचा पूर्ण दाब चालतो, पूर्ण निर्वातही चालतं; धोका मधल्या विरळ हवेत असतो, कारण तिथे उच्च व्होल्टेजच्या विजेचा विसर्ग (ठिणगी) सहज होतो. म्हणून 2009 मध्ये दुसरा लेसर सुरू करावा लागला.

निर्वातातलं दुखणं वेगळं. गोंद, केबलचं आवरण, रंग यांतून सुटणारी वाफ आरशांवर बसते आणि लेसरच्या झोतात तिची काजळी होते. अतिनील किरणांत हे सगळ्यात वाईट. 355 नॅनोमीटरवर चालणाऱ्या युरोपच्या ‘एओलस’ या वारे मोजणाऱ्या उपग्रहामध्ये (प्रक्षेपण 2018) यावर नामी तोड होती : सुमारे 40 पास्कल दाबाचा ऑक्सिजन सोडायचा, म्हणजे काजळी जमतानाच जळून जाते. त्याच्या पहिल्या लेसरची ऊर्जा तरीही घटली, पण ती आतल्या प्रकाशीय जुळणीत फरक पडल्यामुळे. 2019 मध्ये दुसरा लेसर लावला आणि 2022 मध्ये पुन्हा पहिल्याकडे वळता आलं.

साहित्य निवडताना नेहमीची चाचणी अशी : 125 अंश सेल्सिअसला निर्वातात 24 तास, वजनातली घट 1 टक्क्याच्या आत, थंड पट्टीवर साचणारा वाफेचा भाग 0.1 टक्क्याच्या आत. अतिनील लेसरसाठी ही चाळणी ढोबळ आहे. सुटे भाग आधी निर्वातात भाजून घ्यावेत आणि सिलिकोन शक्यतो टाळावं. आरशांचे लेपही निर्वातातच तपासावेत. सच्छिद्र लेपातलं पाणी तिथे उडून जातं, आणि हवेत टिकलेला लेप कमी ऊर्जेलाच फुटू शकतो.