चर्चमध्ये दर रविवारी पेटी वाजवतो, पण माझी स्वतःची उपासना होतच नाही. काय करावं?

महिन्यातून एक रविवार पेटीला हातच लावू नका. घरच्यांबरोबर बाकावर बसा आणि नुसतं गा. मुंबईत लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक सांभाळून वेळेत पोचण्यातच अर्धा जीव जातो. मग उपदेश चालू असताना आपण मोबाइलवर पुढच्या गीताची पट्टी शोधत बसतो, काळी दोन की पांढरी चार. वचन कानावरून जातं. बहुतेक वादकांचं हेच होतं.

शनिवारच्या सरावात आधी गीताचे शब्द वाद्यांशिवाय, सावकाश वाचा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (1861–1919) गीतं तर अभंगाच्या वळणाची; अर्थ उमगला की वाजवणंच बदलतं.

तयारी कमी करा, असं मात्र म्हणत नाही. बायबलमधल्या पहिल्या इतिहासाच्या 25व्या अध्यायात 288 निपुण गायकांची मोजदाद आहे. पण आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात देवाला गाण्यांचा गोंगाट नकोसा होतो आणि लगेच पुढे तो न्याय मागतो. त्यामुळे तबलजीशी अबोला असेल (माइकच्या आवाजावरून हमखास होतो!), तर रविवारच्या आधी फोन करून तो मिटवा.