व्हाइट झॉम्बी पहिल्यांदा बघताना

जुने हॉरर बघायला सुरुवात करतोयस तर १९३२ चा व्हाइट झॉम्बी आधी घे, जेमतेम सव्वा तासाच्या आतला आहे. पण एक सांगतो, मिळेल ती प्रिंट लावू नकोस. कॉपीराइट संपलेला पिक्चर आहे त्यामुळे नेटवर खरखरीत, काळ्याकुट्ट कॉप्या भरपूर आहेत आणि त्यात व्हिलन झालेल्या बेला लुगोसीचे डोळेच नीट दिसत नाहीत, मग बघून उपयोग काय? रिस्टोअर केलेली शोध, लाइट बंद कर, हेडफोन लाव.

आणि माणसं खाणारे झॉम्बी येतील म्हणून वाट बघत बसू नकोस, ते प्रकरण १९६८ च्या नाइट ऑफ द लिव्हिंग डेड या पिक्चरपासूनचं. इथले झॉम्बी म्हणजे जादूने उठवून कामाला जुंपलेले मुडदे, फुकटचे मजूर. साखर कारखान्याचा सीन येईल तेव्हा मोबाइल बाजूला ठेव, म्युझिक नाही, फक्त लाकडी चक्राची करकर, आणि एक जण तोल जाऊन खाली यंत्रात पडतो तरी बाकीचे मान न वळवता चक्र ढकलत राहतात. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

पिक्चर घडतो कॅरिबियनमधल्या हैती देशात, तिथे उसाच्या मळ्यांवर गुलामी होती, मेल्यावरही सुटका नाही ही भीती तिथूनच आलीय. पिक्चर आला तेव्हा तिथे अमेरिकेचं सैन्य होतं, १९१५ ते १९३४. वूडू मात्र या पिक्चरवरून समजून घेऊ नकोस, तो तिथल्या लोकांचा खराखुरा धर्म आहे, नुसती काळी जादू नाही. हिरो-हिरॉइनची ॲक्टिंग जरा नाटकी वाटेल, तेवढं चालवून घे. हा आवडला की मग १९४३ चा आय वॉक्ड विथ अ झॉम्बी लाव.