कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोघांचं बायबल एकच ना? मग ‘फक्त शास्त्र (म्हणजे बायबल) की परंपराही’ हा वाद कशासाठी?

एकच नाही, गोची तिथेच आहे. इंदुरात रेड चर्चला जाणाऱ्या कॅथलिक मित्राचं आणि व्हाइट चर्चला जाणाऱ्या प्रोटेस्टंट मित्राचं बायबल शेजारी ठेवून अनुक्रमणिका बघा. पहिल्यात ७३ पुस्तकं, दुसऱ्यात ६६. तोबित, मक्काबी ही पुस्तकं दुसऱ्यात सापडणार नाहीत.

१५२१ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स शहरात प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर म्हणाला, पोप आणि धर्मसभाही चुकतात, मला शास्त्रातून पटवा. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने १५४६ मध्ये शास्त्र आणि प्रेषितांपासून (येशूच्या पहिल्या प्रचारकांपासून) आलेली परंपरा, दोन्हींना सारखाच मान दिला. प्रेषित पौलाने तोंडी शिकवलेलंही धरून ठेवायला सांगितलंय (बायबलमधलं त्याचं पत्र, २ थेस्सलनीकाकरांस २:१५), हा कॅथलिकांचा आधार.

मला कॅथलिकांचा एक सवाल फार वजनदार वाटतो: शास्त्रात कोणती पुस्तकं धरायची, ही यादी शास्त्रात कुठे आहे? नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, आजची २७ पुस्तकं नेमकी तशीच अथानासियस या बिशपच्या ३६७ सालच्या पत्रात दिसतात. प्रोटेस्टंटांचं उत्तर असं, की मंडळीने (चर्चने) ती ओळखली, त्यांना अधिकार दिला नाही. आणि प्रोटेस्टंट परंपरा फेकून देतात हा गैरसमज आहे. निकेयाचा विश्वासांगीकार (श्रद्धेचं जुनं जाहीर निवेदन) त्यांच्याही अनेक चर्चमध्ये म्हणतात. फक्त शेवटचा शब्द शास्त्राचा.